राबाचं अक्षर

जपानीच्या दुसऱ्या लेव्हलला मी पहिल्यांदा नापास झाले ते आमच्या राबामुळे, असं मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत होते. दोष द्यायला माणूस सापडला नाही तर मी जमिनीलाही सोडत नाही. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, आणि माझ्या बाबतीत कोणी औषध शोधायच्या भानगडीत पडलंही नाही.

राब म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या पुण्याच्या वर्गात एकीनेही तो पाहिलेला नव्हता. आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला. डिंगोऱ्याला एस्टीतून उतरायचं, मिळाली तर जीप पकडायची, नाही तर पायी वर चढायचं. तिथं भात, नाचणी, वरई. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, भाताचं रोप जिथं तयार करायचं तेवढा तुकडा भाजून काढतात. शेण, झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत असे एकावर एक थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत होतं. त्या भाजलेल्या तुकड्याला आम्ही राब म्हणतो. पाऊस पडला की त्यात भात पेरायचं आणि रोप वीतभर झालं की उपटून चिखलाच्या खाचरात लावायचं. हे सगळं मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

चौथीनंतर मला जुन्नरला वसतिगृहात ठेवलं. नव्वदच्या दशकातली ती सगळी वर्षं मी सुट्टीपुरती घरी. मे महिन्यात पोचायचे तेव्हा राब भाजून झालेले असायचे, हवेत नुसता वास उरलेला. जूनमध्ये भाताची लावणी सुरू व्हायच्या आत शाळा मला परत ओढून घ्यायची. गावाकडची म्हणून वर्गात मी शेतीवर फार अधिकाराने बोलायचे. खरं तर बी पेरल्यापासून भात घरात येईपर्यंतचा सगळा खेळ माझ्या पाठीमागेच चालायचा.

पुढे पुण्यात बारावीनंतरची दोन-तीन वर्षं काढली आणि दोन हजारच्या आगेमागे चाकणजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. आलेल्या मालाची नोंद करायची, खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. नोकरी करारावरची. खोकी जपानहून यायची आणि त्यांच्यावर काय लिहिलंय ते कोणालाच कळायचं नाही. मला न कळणारी गोष्ट समोर असली की चीड येते. त्या चिडीपोटी मी रविवारचा जपानीचा वर्ग लावला. चौथी लेव्हल झाली, तिसरी झाली. ही परीक्षा उलटी चालते, चौथी सोपी आणि पहिली अवघड. तिसरीपर्यंत तीनेकशे कांजी, म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, मी निव्वळ घोकून पाठ केली.

मग कारखान्यातल्या दुभाषी बाई लग्न होऊन बंगलोरला गेल्या. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, दुसरी लेव्हल पास करा, त्यांची जागा तुमची. कायम." मी विचारलं, नाही झाले तर? ते म्हणाले, "मग तुमचा करार संपेल तेव्हा बघू." बघू म्हणजे काय, ते करारावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या लेव्हलला हजाराच्या घरात कांजी होत्या. घोकंपट्टीने तिथं हात टेकले. सकाळी वीस पाठ करायच्या, संध्याकाळपर्यंत पंधरा गळालेल्या. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, पुण्याच्याच होत्या, बोलायला तुटक आणि कामाला चोख. त्यांनी एक युक्ती दिली. अक्षराचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला नाव द्या. सगळ्या अक्षराला मिळून एकच शब्द बांधा, आणि तुकड्यांपासून त्या शब्दापर्यंत एक छोटी गोष्ट रचा. शब्द आठवला की गोष्ट आठवते, गोष्ट आठवली की हात आपोआप अक्षर काढतो.

युक्ती सोन्यासारखी होती. खोट एवढीच की पुस्तकात दिलेले शब्द इंग्रजी होते. माझी एबीसीडी पाचवीत सुरू झाली. इंग्रजी शब्दाच्या आधाराने जपानी अक्षर धरायचं म्हणजे एका पाहुण्याच्या ओळखीवर दुसऱ्या पाहुण्याकडे मुक्कामाला जायचं. म्हणून मी आपले घरचे शब्द घातले. 休 या अक्षरात डावीकडे माणूस आणि उजवीकडे झाड असतं, अर्थ विश्रांती. पुस्तकात 'रेस्ट' होतं. मी लिहिलं, 'मोळी टेकली'. डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई वाटेतल्या झाडाला टेकते, ती आमच्याकडे कोणीही पाहिलेली असते. ते अक्षर मी पुन्हा कधी विसरले नाही.

चिठ्ठ्या करायला कोरा पुठ्ठा लागत होता. तो घरी सापडला. आईने वर्षानुवर्षं आलेल्या लग्नपत्रिका एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. पत्रिकेवर गणपती असतो, तो उकिरड्यावर टाकायचा कसा, म्हणून. मी कात्री घेऊन बसले तेव्हा तिने एकच अट घातली.

"देवाचं त्वांड कापू नको. बाकी काय कापायचं ते काप."

मग प्रत्येक पत्रिकेतून गणपती अलगद वाचवायचा आणि उरलेल्या भागाचे चौकोन करायचे. पुढे कोरं, तिथं अक्षर. मागे कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त, कुणाचं आग्रहाचं निमंत्रण, नाही तर 'आहेर आणू नये' एवढंच. मी त्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून पर्समध्ये ठेवायचे आणि एस्टीत काढायचे. महिन्यातून एकदा रजा जोडून घरी जायचे. आळेफाट्याला बस बदलावी लागायची. वडील तिथल्या एका हॉटेलात भट्टीवर होते. ते भट्टीवरूनच चहाचा ग्लास पुढे करायचे आणि दोऱ्याकडे बघून विचारायचे, "किती झाली?" मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे. डिंगोऱ्यावरून जाणारी कल्याणची गाडी लागली की मला चढवून परत भट्टीला.

घरी परीक्षक आई. तिला वाचता येत नव्हतं. मराठीही नाही, सहीलाही अंगठा. पण तिच्या हातात चिठ्ठी द्यायची, मी शब्द म्हणायचा आणि सारवलेल्या अंगणात काडीने अक्षर काढायचं, एवढं पुरे. ती चिठ्ठीतलं आणि जमिनीवरचं ताडून बघायची. "ह्याची श्येपटी ऱ्हायली," म्हणायची. शेपटी राहिलेलीच असायची. सेन्सेईंच्या नजरेतून एखादी रेघ सुटेल, हिच्या नाही.

आणि ती नुसतं ताडून गप्प बसणारी नव्हती. 安 आलं. वर छप्पर, खाली बाई, अर्थ निवांतपणा. आई चिठ्ठीकडे बघत राहिली.

"घरात बाई असली की निवांत? कोनाला निवांत?"

"घरच्यांना," मी म्हटलं.

"मग तसं लिव."

तसंच लिहिलं. 男 आलं, वर शेत आणि खाली जोर, अर्थ पुरुष. त्यावर तर तिने काम टाकून विचारलं, "जोर लावतो त्यो बाप्या. आन् दिसभर वाकून लावती ती कोन?" मी म्हटलं, तिचं असं अक्षर नाही. "मंग त्यान्ला म्हनावं, एक करा," एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. तीन झाडांचं जंगल होतं, त्याला तिने 'देवराई' नाव दिलं. डोंगर, त्याच्या शेजारी 'वर' आणि 'खाली', असं एक अक्षर होतं, 峠. परीक्षेला नव्हतं, पण मी मुद्दाम दाखवलं. तिने क्षणभरही विचार न करता म्हटलं, "घाट." तेच होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच तिच्यावर खेकसले, पाणी कुठे ठेवलंय म्हणून.

आता माझी चूक सांगते. 田 हे शेताचं अक्षर. चौकोन आणि मधे फुली, चार सारखे भाग. वसतिगृहाच्या मागे कांद्याचं रान होतं, रोज संध्याकाळी मी त्याचे आखीव वाफे बघायचे. म्हणून मी लिहिलं, 'वाफे', आणि मनात कांदा-भाजीपाला धरला. दुसरं अक्षर 畑. तेच वाफे, आणि डावीकडे जाळ. जाळ आणि शेत. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. हे तर आमचं. मी लिहिलं, 'राब'. राब म्हटलं की आमच्या डोक्यात भात. झालं, 田 म्हणजे भाजीपाल्याचं रान आणि 畑 म्हणजे भाताचं. इतकी पक्की गाठ मी दुसऱ्या कोणत्याही अक्षराला मारली नव्हती. आईलाही ते दाखवलं होतं. ती हरखली होती. "जपानात बी राब भाजत्यात?"

पुस्तकात 田 ला 'पॅडी' आणि 畑 ला 'फील्ड' लिहिलेलं होतं. पण पुस्तकाकडे बघणं मी केव्हाच सोडलं होतं. आमच्याकडे खाचर वेगळं, वरकस वेगळं, माळ वेगळा, पड वेगळी. त्या सगळ्यांना नुसतं फील्ड म्हणणाऱ्या भाषेवर मी विश्वास तरी कसा ठेवणार?

डिसेंबरात परीक्षा झाली. वाचनाच्या पेपरात एक मोठा उतारा होता. एका म्हाताऱ्याची दोन शेतं, एक 田 आणि एक 畑. त्याने एक विकलं, एक ठेवलं. आता तो काय पिकवणार, काय विकत घेणार, मुलाला काय पाठवणार, असे सगळे प्रश्न त्यावरच. मी इतक्या झपाट्याने उत्तरं भरली की शेजारची मुलगी चोरून माझ्याकडे बघत होती. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं, शेतीवरचा उतारा आला, माझे पैकीच्या पैकी.

पुढच्या रविवारी वर्गात तो उतारा आठवून आठवून फळ्यावर मांडला गेला आणि माझा तोरा उतरला. 田 म्हणजे पाण्याचं भातशेत. 畑 म्हणजे कोरडं रान, भाजीपाल्याचं. मी नेमकं उलटं धरलं होतं. एकही प्रश्न बरोबर नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी निकाल आला. थोडक्यात गेले होते, आणि ते थोडकं म्हणजे तो उताराच.

वर्गात मी माझी राबाची गोष्ट सांगितली. मुली हसल्या. सेन्सेई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "घरचे शब्द घरी ठेव. परीक्षेला पुस्तकातले वापर." मी उलट बोलणार होते, पण नापास माणसाला उलट बोलायची सोय नसते. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून पुढच्या मार्चपर्यंत करार वाढवला. "यानंतर माझ्या हातात नाही," म्हणाले.

मी शहाण्यासारखी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा केल्या. इंग्रजी शब्द लिहिले. 'मोळी टेकली' गेलं, 'रेस्ट' आलं. 'देवराई' गेली, 'फॉरेस्ट' आलं. दीड महिना घोकलं आणि एके दिवशी एस्टीत 休 बघून मला काही म्हणजे काही आठवेना. माणूस आणि झाड. असेना का. मी दोरा पर्समध्ये कोंबला आणि आळेफाट्याला वडिलांनी "किती झाली?" विचारलं तेव्हा चहा अर्धा टाकून निघाले. नोकरी गेल्यातच जमा आहे, असं त्या दिवशी मला वाटलं.

घरी पोचले तर आई राबावर. सकाळची वेळ, वारा पडलेला. तिने थर देऊन ठेवले होते, वरून माती पसरत होती. मी चपलाही न काढता बांधावर बसले आणि सगळं ओकले. नापास झाले, तुझ्या या राबामुळे झाले, आता नोकरीही जाईल. तिने मातीचे हात लुगड्याला पुसले.

"कोनतं अक्षर? दाव."

मी नवी चिठ्ठी काढून दिली. मागे इंग्रजीत 'फील्ड' लिहिलेलं. तिने पुढची बाजू बघितली.

"ह्ये तर राबाचं."

"हो. त्यानेच घात केला."

"काय चुकलं त्याचं?"

मी समजावून सांगितलं. जपानी लोक याला कोरडं रान म्हणतात. भात इथं नाही. भात त्या दुसऱ्या अक्षरात, चार वाफ्यांच्या, आणि तिथं पाणी. तिने दुसरी चिठ्ठी मागून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दूध उतू घालवणाऱ्या सुनेकडे सासू बघते.

"मंग बरोबर हाय की त्यांचं. पान्यात जाळ पेटतो व्हय?"

मी दोन्ही चिठ्ठ्यांवर वाकले.

"जाळ पेटतो ती जिमीन कोरडीच. आन् ह्ये वाफे कुठलं? ह्यान्ला बांध हायेत. चारी बाजूनं बांध, मधी बांध. बांध कशापायी घालत्यात? पानी अडवाया. ह्ये खाचर हाय."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू म्हनालीस वाफे, मी म्हनलं आसंल. शिकल्याली तू."

मी तरी हट्टाने म्हटलं, पण राबात भातच पेरतो ना आपण. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

"भात राबात पिकत न्हाई, पोरी. राबात नुस्तं रोप व्हतं. पिकतं खाचरात. तू राब भाजलास कधी? नुस्ता वास घेतलास."

खरं होतं. मी गावची मुलगी म्हणून मिरवत होते आणि एकदाही राब पेटवला नव्हता. शब्द माझा होता, पण त्यामागचं काम माझं नव्हतं, आणि शब्दाने मला तिथंच दगा दिला. मला लाज वाटली. लाजेपेक्षाही मोठा दिलासा वाटला, कारण याचा अर्थ आमचे शब्द चुकीचे नव्हते.

आईने लाज वाटायला वेळ दिला नाही. टोपली दिली. राहिलेल्या कोपऱ्यावर मी शेण पसरलं, डहाळ्या ओढल्या, माती टाकली. तेव्हा पायांना कळलं की राबाची जागा खाचरापेक्षा उंच असते, पाणी न साचणारी. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने तिने मला पेटवायला लावलं. धूर डोळ्यात गेला, हाताला फोड आला, आणि खाली शेजारीच खाचरं पडली होती, बांधांनी चौकोन-चौकोन केलेली, हुबेहूब 田. इतकी वर्षं ती तिथंच होती.

इंग्रजी चिठ्ठ्या मी त्याच दिवशी चुलीत घातल्या. गणपती आधीच कापून ठेवलेले होते, त्यामुळे काही अडलं नाही. पुन्हा नव्याने लिहायला बसले आणि या वेळी नियम केला, ज्या वस्तूचा शब्द घ्यायचा त्या वस्तूचं काम आईला विचारायचं. दोरी म्हटलं तर कसली, वळलेली की विणलेली. टोपलं म्हटलं तर त्यात काय ठेवतात. ती सांगायची, मधेच वैतागायची. "तुला आयतं बसून खायाची सवय लागली, न्हाई तर ह्ये इचारावं लागलं नसतं." वैताग खरा असायचा आणि उत्तरही खरं असायचं. अक्षरं बसत गेली. महिन्याला शंभर, मग सव्वाशे. वडील "किती झाली?" विचारायचे आणि आकडा ऐकून भट्टीवरच्या दुसऱ्या माणसाला सांगायचे. काही दिवसांनी तो दुसरा माणूसच आधी विचारायला लागला.

सेन्सेईंना मी एकच वाक्य ऐकवलं, "पाण्यात जाळ पेटत नाही." त्यांनी फळ्यावर 畑 काढलं. मग वर्गाला म्हणाल्या, हे अक्षर चीनमधून आलेलं नाही, जपानी लोकांनी स्वतः केलं आहे, कारण त्यांच्याकडेही डोंगरात रान जाळून पेरायचे. "मला हे पाठ होतं," त्या म्हणाल्या, "पण दिसलं आज." त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांना घरचे शब्द आणायला सांगितलं. कोल्हापूरच्या एकीने उसाचं गुऱ्हाळ आणलं, मला हेवा वाटला.

डिसेंबरात पुन्हा परीक्षा. मी पेपरभर राबाचं अक्षर शोधलं. एकदाही आलं नाही. इतका राग आला मला, काय सांगू, ज्याच्यासाठी नटून बसावं त्यानंच दार वाजवू नये. पण बाकीची सगळी मंडळी आली होती. मोळीवाली आली, देवराई आली, छपराखालची बाई तर दोनदा आली. एकेक अक्षर समोर यायचं आणि मागून आईचा आवाज. तीन तास मी त्या हॉलमध्ये एकटी नव्हतेच.

निकालाचं पाकीट शिमग्याच्या सुमारास खोलीवर आलं. पास. काठावर वगैरे नाही, चांगल्या मार्कांनी पास. मी साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचला. "मॅडम, बसा," म्हणाले. चार वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी बसले, आणि जरा ऐसपैसच बसले.

आळेफाट्याला वडिलांनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "झाली सगळी." त्यांनी भट्टी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, बाहेर आले आणि माझ्याबरोबर बाकावर बसून चहा प्यायले. कल्याणच्या दोन गाड्या आम्ही जाऊ दिल्या. आई मात्र एवढंच म्हणाली, "म्हंजी आता पुन्यांदा परीक्षा न्हाई ना? मंग डब्यातल्या ऱ्हायलेल्या पत्रिका ऱ्हाऊ दे." आणि तिने माझ्या पानात तुपाची दुसरी धार सोडली.

दुभाषी म्हणून माझं पहिलं काम एका म्हाताऱ्या जपानी इंजिनियरबरोबर होतं. मशीन बसवायला आलेले, मितभाषी, प्रत्येक नट स्वतः हाताने तपासणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, कांजी कशा शिकलात? मी मोळी सांगितली, घाट सांगितला, राबही सांगितला, फक्त नापास झाल्याचं गाळलं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी गाव बघायचं आहे म्हटलं. साहेबांनी गाडी दिली. एप्रिल होता.

आईने दोन दिवसांपूर्वीच राब भाजला होता. डहाळ्यांची राख अजून भुरभुरत होती. पाहुणे बूट काढून त्या तुकड्याच्या कडेला उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मग म्हणाले, त्यांचे आजोबा डोंगरात राहायचे आणि असंच भाजायचे, हा वास त्यांना साठ वर्षांनी आला. ते उकिडवे बसले, एक जळकी काटकी उचलली आणि राखेत 畑 लिहिलं, ठळक, सुबक.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने खाली बघितलं.

"ह्ये तर राबाचं," ती म्हणाली. "ह्या पावण्यान्ला कोनी शिकावलं?"

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आईने वाचलं. ते म्हणाले, त्यांना वाचता येतं? मी हो म्हटलं. बिनदिक्कत हो म्हटलं.

आईने तांब्या त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडून काटकी घेतली. राबाच्या अक्षराशेजारी तिने चौकोन काढला, मधे फुली मारली.

"आन् ह्ये खाचर. ह्यात पानी." मग माझ्याकडे मानेनं खूण करून म्हणाली, "माझ्या पोरीला ह्येच उलटं वाटत व्हतं. म्हनून नापास झाल्ती. सांग त्यान्ला."

दुभाष्याने काही गाळायचं नसतं. मी तेही सांगितलं.